तिसऱ्या खांबाचे आकडे

बाबा,

तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि आज तुमचा जेवढा राग आलाय तेवढा तुम्ही असताना कधी आला नव्हता. ज्या पुलाच्या खांबांची लेव्हल, म्हणजे उंची, तुम्ही आठ वर्षं मोजलीत, तोच आता माझ्याकडे आहे. खांबांवर नुकतेच आरसे बसवलेत, काठावरचं यंत्र दर तासाला त्यांची जागा मिलिमीटरपर्यंत मोजतं. तिसरा खांब शेजारच्यांपेक्षा खाली आहे. तो तुमच्या काळातच खचून थांबला, की आत्ता खचून राहिला, एवढंच मला ठरवायचं होतं. थांबलेला असेल तर पूल चालू, नाहीतर बंद. म्हणून ऑफिसच्या कपाटातून तुमची वही काढली.

काय देखणी वही आहे हो. कुठं खाडाखोड नाही. दर महिन्याला पुलाच्या या टोकापासून त्या टोकाला मोजत जाऊन मोजत परत आलात आणि जाता-येताचे आकडे तंतोतंत सारखे, चूक शून्य. असं होत नसतं, बाबा. ऊन असतं, पट्टी धरणारा हलतो, मिलिमीटरभर फरक राहतोच. कॉलेजात असताना माझी लेव्हल चार मिलिमीटरनं चुकली तेव्हा नंदनवनच्या घरात हेच म्हणाले होते मी. "काहून वं, चार मिलिमीटर गेले कुठं? आपल्या घरात असे आकडे चालत नाही," म्हणत भरल्या ताटावरून उठवलंत मला. आई म्हणत राहिली, "जेवू द्या ना तिले."

मग एका पानावर आईच्या ऑपरेशनची तारीख दिसली. त्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात सकाळपासून तुम्ही बाकावरून हलला नाहीत. मांडीवर वही घेऊन लिहीत होतात. मी आठवीत. शेजारी बसून मला केवढा अभिमान वाटला होता, की बाबा अशा दिवशीही काम करून राहिले. त्या पानावर तिसऱ्या खांबाचं त्याच दिवसाचं रीडिंग आहे, पुलावर न जाता, दशांशासकट. तो एक दिवस असता तर मी गिळलाही असता. पण मागची-पुढची सगळी पानं तशीच गुळगुळीत आहेत. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

काल पूल बंद करायला लावला. खापरखेड्याला ड्युटीवर निघालेला एक माणूस अडवल्यावर म्हणाला, "मॅडम, पूल खरंच खचून राहिला, का तुम्हालेच माहीत नाही?"

वही घरी आणलीय, हे पत्र तिच्यातच ठेवीन. पानापानावर तुमची सही आहे. साहेबांना मात्र लिहून दिलं, जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत.