'चालेल' म्हणणाऱ्यांचा वर्ग

बुधवार, २ ऑक्टोबर

—तर त्या सकाळी केर काढून झाला होता, कपडे भिजत घातले होते, आणि मी स्टुलावर चढून पडदे बदलत होते. हे खाली बूट पुसत बसलेले. मी वरून विचारलं, "निळे लावू की पिवळे?"

"कुठलेही चालतील."

"कुठलेही नावाचा रंग दाखवा मला!"

"अगं, तुला आवडतील ते."

मी दोन्ही पडदे ह्यांच्या डोक्यावर टाकले. त्या ढिगाऱ्यातून आवाज आला, "हेही चालेल."

दहा-अकरा वर्षं झाली असतील त्याला. आज वाचनालयात एक पुस्तक शिवताना ती सकाळ लख्ख आठवली आणि मी एकटीच हसत सुटले. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

मी तिथे फाटकी पुस्तकं शिवते. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते शिवता शिवता – पान सरळ करायला घेतलं की वाचलं जातंच. आजचं पुस्तक माणसांच्या नऊ स्वभावांचं. एनिआग्राम म्हणतात त्याला. प्रत्येक स्वभावाला एक नंबर. त्यातला नववा म्हणजे भांडण नको, कुणाचं मन मोडायला नको, म्हणून सगळ्याला 'चालेल' म्हणणारा. इतका, की आपल्याला काय हवंय ते स्वतःच विसरतो.

सुई हातातच राहिली. हे तर ह्यांचंच वर्णन! माणूस जाऊन दोन वर्षं झाली, आणि कुणा परक्यानं त्यांना जवळून बघून लिहून ठेवावं तसं!

मागे प्रश्नावली होती. मी माझी सोडवली. छत्तीसपैकी एकतीस उत्तरं नऊची! म्हणजे मीही! एका घरात दोन नऊ!

मग घरात ठरवत कोण होतं?

गुरुवार, ३ ऑक्टोबर

पुन्हा सोडवली. पुन्हा नऊ. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझा नंबर आला!

शनिवार, ५ ऑक्टोबर

दोन दिवस मी त्या पुस्तकाबद्दल इतकी बोलले की ग्रंथपाल बाई वैतागून म्हणाल्या, "ताई, मला सांगण्यापेक्षा वर्गच घ्या ना!" आणि खरंच फळ्यावर लिहून टाकलं – 'चालेल' म्हणणाऱ्यांसाठी वर्ग, मंगळवार-शनिवार, चार वाजता.

तिघं आले. बाजारातला कुलूपवाला, एक तरुण नर्स, आणि निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. पंखा जोरात फिरत होता. मास्तर कुडकुडत होते, नर्सने ओढणी गच्च लपेटलेली, कुलूपवाल्याचे कागद उडत होते. पण कुणी उठून पंखा बंद करील तर शपथ! "इतरांना हवा असेल म्हटलं." शेवटी मीच उठले.

पाच वाजता मी म्हटलं, आजचं संपलं. कुणी हलेना! प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतोय – आधी आपण उठलो तर बाईंना वाईट वाटेल. सहाला शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा सुटका झाली. घरी येईपर्यंत हसत होते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

लेकीचा फोन. म्हणाली, आई, आता एकटी राहू नकोस, घर सोड, कायमची आमच्याकडे ये. घरमालकाला या महिनाअखेर पत्र द्यावं लागेल, म्हणजे महिन्याच्या नोटिशीत सगळं आटपेल.

मी म्हटलं, "चालेल."

फोन ठेवला. मला जायचं नाही. बावीस वर्षांचं घर. वाचनालय सात मिनिटांवर. तिच्या गावी मी कुणाची पुस्तकं शिवणार? पण तोंडातून 'चालेल' आलं, ते कसं अगदी वंगण घातल्यासारखं!

बरोबरच आहे. नऊ नंबर.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पुस्तकात शिकवणाऱ्यांसाठी एक युक्ती दिलीय. या लोकांना 'काय हवं' विचारायचं नाही, ते तुमच्याच चेहऱ्यावर उत्तर शोधतात. विचारायचं, 'काय नको?' आणि मग आपण गप्प बसायचं. कितीही वेळ लागो.

कुलूपवाल्याला विचारलं. तो चार मिनिटं बसला, घड्याळ लावून. गप्प राहताना माझीच जीभ चावली गेली. मग तो म्हणाला, "मी किल्ली घासत असताना गिऱ्हाइकानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलेलं नको."

आम्ही टाळ्या वाजवल्या! तो लाजला. म्हणाला, "पण बघितलं तरी चालेल तसं."

घरचा अभ्यास दिला – रोज एक 'नको'. लहानसा चालेल. अरे देवा, मीपण!

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज वर्ग चपलांच्या दुकानात. नर्सने आठवड्यापूर्वी बूट घेतले, एक नंबर लहान. दुकानदार गोड बोलला म्हणून "छान बसले" म्हणून घेऊन आली. दिवसभर उभं राहायचं काम, टाचेला हे एवढे फोड. ठरलं असं – बोलायचं तिनं. मी नुसतं शेजारी उभं राहायचं.

दुकानदार म्हणाला, "घातलेले बूट परत घेत नाही हो आपण."

ती म्हणाली, "बरं. चालेल."

"काय चालेल?" मी म्हटलं. "टाच दाखव त्यांना! अहो, पेशंट सोडून हिलाच झोपवायची का खाटेवर? बूट बदलून द्या, नाहीतर मी इथून उठत नाही." आणि स्टूल ओढून बसले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांनाही टाच दाखवली. दहा मिनिटांत बूट बदलून मिळाले!

काय छान वाटलं! कान गरम झाले, पायांत जोर आला. रस्त्यावर आलो तर नर्स माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, तुम्ही नक्की नऊ ना?"

"पक्की! दोनदा सोडवलंय."

"नाही, म्हणजे... बोलायचं मी होतं."

खरंच की! दोघी फुटपाथवर पोट धरधरून हसलो. वहीत नियम लिहिला – दुसऱ्याचं भांडण आपण भांडायचं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वर्गाला लेकीचं सांगितलं. मास्तर म्हणाले, रंगीत तालीम करू. कुलूपवाला माझी लेक झाला. मी म्हटलं, "हे बघ, मला यायचं नाही."

लेक लगेच म्हणाली, "बरं आई, तुम्हाला जमेल तसं."

"अहो, असं नाही! आग्रह करा!"

"करतो की. या ना आई. नाही आलात तरी काही नाही."

मग मास्तर लेक झाले. त्यांनी माझीच क्षमा मागितली. नर्स लेक झाली आणि रडायलाच लागली, वर म्हणाली मला माझी आई आठवली. मीच लेक झाले शेवटी, आणि असा आग्रह धरला की तिघंही सामान बांधून यायला तयार!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

लेकीचा फोन होता. आज सांगायचंच ठरवलं होतं. म्हणाली, तुझी खोली रंगवून घेतली. मी म्हटलं, "छान."

घरमालकाला द्यायचं पत्र लिहून ठेवलं. तीन ओळी.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

मास्तरांनी कमाल केली! त्यांचे थोरले भाऊ वीस वर्षं दर रविवारी यांना बुद्धिबळाला बसवतात. मास्तरांना बुद्धिबळ आवडतच नाही! परवा दारातच म्हणाले, "दादा, मला खेळायचं नाही." भाऊ म्हणाले, "सुटलो! मी तुझ्यासाठी येत होतो रे!"

आम्ही किती हसलो. मग मास्तरांनी चष्मा पुसला. "वीस वर्षांचे रविवार किती होतात, हिशेब केला मी काल," म्हणाले. आकडा सांगितला नाही.

मला ह्यांची आठवण आली. ह्यांना काय नको होतं, मी कधी विचारलंच नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

लेक आली, सामान बांधायला. खोकी, दोरी, चिकटपट्टी, सगळं घेऊन. मी मुकाट्यानं भांडी कागदात गुंडाळत होते. ती म्हणाली, "कपाट विकून टाकू?"

"चालेल."

"पलंग?"

"चालेल."

तिनं चिकटपट्टी खाली ठेवली. "आई, बाबांसारखं बोलू नकोस ना."

मी म्हटलं, अगं, मी नऊ नंबर आहे. पुस्तक आणून दाखवलं. तिनं उभ्यानंच वाचलं. मग म्हणाली, "हे बाबा आहेत. तू कुठून आलीस यात? तू शाळेच्या फाटकापाशी दिसलीस की माझ्या बाई घाबरायच्या! दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून तू त्याच्या मागे दोन गल्ल्या गेली होतीस. बाबा आणि मी खिडकीतून बघायचो, तू काय काय करतेस ते."

"मी फोन केला ना, तेव्हा सात मुद्दे कागदावर लिहून बसले होते. म्हटलं, आता ही फाडून खाणार मला. तू म्हणालीस चालेल. मी घाबरले गं. म्हणून तर खोली रंगवायची घाई केली." तिनं पुस्तक मिटलं. "बाबा गेल्यापासून तू एकदाही माझ्याशी भांडली नाहीस."

चारच्या गाडीनं ती परत गेली. खोकी इथेच आहेत.

दोन वर्षं मी ह्यांच्या तोंडानं बोलत होते. घरात तो शब्द ऐकू येईना, म्हणून मीच म्हणत राहिले असेन.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सकाळी प्रश्नावली पुन्हा सोडवली, हे असतानाची मी आठवून. आठ आला. झगडणाऱ्यांचा नंबर. लेकीला फोन केला. मी येणार नाही, म्हटलं. तिनं सातही मुद्दे वाचून दाखवले, मी सातही खोडले, पाऊण तास भांडलो. खोकी उघडून भांडी परत लावली. घरमालकाचं पत्र फाडलं. चार वाजता वर्गावर गेले आणि तिघांना सांगितलं – मी तुमच्यातली नाही. माझे हे तुमच्यातले होते.