चौथं पान

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नानांना घरी सोडलं एकदाचं. चौदा दिवस, त्यातले चार आयसीयूत. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, वर रक्तात जंतू. वय ब्याऐंशी. कर्वेनगर, दुसरा मजला, लिफ्ट परंपरेनुसार बंद. वॉचमनने आणि आणखी एकाने खुर्चीत बसवून वर आणलं. नाना त्यांना म्हणाले, "सावकाश. विसर्जन नाहीये."

म्हणजे डोकं शाबूत. बाकीचं बघू.

निघण्याआधी वॉर्डात शिकवणी झाली. सिस्टर मेश्राम, भंडाऱ्याच्या, पस्तिशीच्या. हातात स्टेपल केलेली चार पानं. गोळ्या कधी, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र कसं लावायचं, तीन चेंडूंच्या डबीतून श्वास कसा ओढायचा, जेवताना ताठ का बसायचं. सगळं सांगून झाल्यावर: "बाबूजी, कळलं का?"

"हो, कळलं."

"तसं नाही. काय कळलं ते सांगा."

नाना छत्तीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक. त्यांची तोंडी परीक्षा आईनेही कधी घेतली नव्हती. खिडकीतून आभाळ बघत बसले. मग मीच फाडफाड उत्तरं दिली, अडलं तिथे विनोद घातला. सि. हसल्या नाहीत. "ताई, तुम्ही नका सांगू. आजारी ते आहेत." मग शेवटच्या पानावर बोट ठेवून बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी तेव्हा औषधांच्या पाकिटावर 'तोंडी परीक्षा' असं लिहून घेत होते. पेपरातल्या रविवारच्या सदराला मजकूर मिळाला. सही केली, निघालो.

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. "परत उलटलं तर या वेळेइतका वेळ मिळणार नाही."

बुधवार, १२ नोव्हें.

नानांनी वही केली. फूटपट्टीने रकाने. वेळ, ताप, ऑक्सिजन, शेरा. नोंदी दोनच: सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. दुपारी मी थर्मामीटर घेऊन गेले तर घड्याळाकडे बोट.

"मधली नोंद ग्राह्य नसते."

"ताप घड्याळ बघून येतो का?"

"ताप येवो न येवो. निरीक्षक वेळेवर येतो."

८.३० – ९७.८. ऑक्सिजन ९५. शेरा: 'गारठा वाढला. चहा पातळ.'

मंदाताई स्वयंपाकाला येतात तेव्हा पहिली दहा मिनिटं ओट्याशी न जाता नानांच्या दारात उभ्या राहतात. सात वर्षांचा रिवाज आहे: कालच्या जेवणाला नाना नावं ठेवतात, त्या ऐकून घेतात, मग कामाला लागतात. आज: "मंदा, पोळी होती की नकाशा?" त्या खूश. "आलं बगा घराला घरपन."

गुरुवार, १३

गोळ्या वेळेवर. चेंडू दोनच वर जातात. तिसऱ्याला नाना 'राखीव' म्हणतात.

झोप फार. मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून लिहायला बसते आणि लिहीत नाही. श्वास मोजते. मिनिटाला बावीस. परत मोजले, चोवीस. परत मोजले, आकडा विसरले. एकदा आवाज थांबल्यासारखा वाटला म्हणून आत धावले तर नाना टक्क जागे.

"हजेरी घेतेस?"

सव्वीस वर्षं लोकांची उडवून पोट भरलं. भीतीची उडवता येत नाही, जमत नाही, शब्द

शुक्रवार, १४

मजकूर गेला. शीर्षक: 'आजोबा, तोंडी परीक्षेला चला!' त्यात चार पानं, स्टेपलर, 'काय कळलं ते सांगा', सगळं आलं. फॉर्मच्या तळाशी 'समजल्याची खात्री: रुग्ण / नातेवाईक' अशा दोन चौकटी आहेत म्हणे, त्यावर आख्खा परिच्छेद. (म्हणे, कारण पानं औषधांच्या पिशवीत तळाशी आहेत. आठवणीवर लिहिलं.) संपादक: "वृंदाताई, कडक!"

दुपारी नानांना विचारलं, कसं वाटतंय. "आकाश अंशतः ढगाळ."

५.३० – ९७.६. ऑक्सि. ९५.

अर्धीच पोळी खाल्ली.

शनिवार, १५

सकाळी चहा नेला. नाना बघत राहिले. मग अगदी अदबीने: "आपण कोण?"

मी: "आपली चूक."

आमचं हे जुनं. मी दहावीत गणितात नापास झाले तेव्हा त्यांनी निकाल बघून हेच विचारलं होतं, "आपण कोण?" आणि मी हेच उत्तर दिलं होतं. तेव्हा हसू दाबायला त्यांनी चष्मा पुसला होता. आज नाही पुसला. थकले असतील.

८.३० – ९७.६. ऑक्सि. ९४. शेरा: 'दृश्यमानता कमी. पाचव्या मजल्यावर ढग.'

आमची इमारत चार मजली. जाम हसले. वहीचा फोटो संपादकांना पाठवला. ते: "बाबा तुमच्याही वरचढ!!"

रविवार, १६

सकाळपासून फोन. कर्वेनगर, कोथरूड, कसब्यातल्या मावशीसुद्धा. सगळ्यांचं एकच: सिस्टरची काय उडवलीय! नानांना मजकूर वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "बरं." मला झोंबलं. निदान 'पाचकळ' तरी म्हणायचं.

दुपारी एक. मंदाताई माझ्या दारात. पदराला हात पुसत, पण हात कोरडे.

"ताई, आमटीत मीठ टाकायचं इसरले मी."

"मग टाका."

"नानांचं जेवन झालं. जेवन कसलं, चार घास. पन काईच बोलले न्हाईत."

"सुधारले असतील."

"आज दारात हुबी ऱ्हायले तवाबी काय न्हाई. सात वर्सं हाय मी हितं. नानांनी नाव ठेवलं न्हाई असं व्हनार न्हाई, ताई."

मी आमटीचा चमचा तोंडात घातला. नुसतं हळदीचं पाणी.

खोलीत गेले. पांघरुणाच्या आत नाना थरथरत होते. हात गार. "थर्मामीटर लावू?"

"साडेपाचला."

आणि मी थांबले! बावन्न वर्षांची बाई, सगळ्या शहराला प्रश्न विचारणारी, बापाने साडेपाच म्हटलं म्हणून साडेपाचपर्यंत थांबले.

५.३० – ९६.९. ऑक्सि. ९३. हुश्श केलं. ताप नाही, उलट कमीच. वहीत नोंद करायला पेन्सिल दिली तर पेन्सिल हातात धरून बसले. मग रकाना सोडून समासात लिहिलं, 'वारा'. पुढे काहीच नाही.

तेव्हा कुठे पिशवी उपडी केली. चौथं पान.

'वयस्कर रुग्णांना ताप येईलच असे नाही. अंग गार पडणे, जेवण कमी, लघवी कमी, बोलण्यात फरक, माणूस किंवा जागा न ओळखणे, नेहमीपेक्षा गप्प होणे. यापैकी काहीही दिसल्यास ताप नसला तरी त्याच दिवशी आणावे.' लाल पेनाने दोन रेघा. तळाशी त्या दोन चौकटी. रुग्ण: 'विचारू दिले नाही.' नातेवाईक: 'ऐकले नाही. पुन्हा सांगणे.' खाली माझी झोकदार सही.

नानांनी सकाळपासून लघवी केली होती का? माहीत नाही. मला माहीत नाही.

वॉर्डचा नंबर. सि. मेश्रामच ड्यूटीवर.

"कधीपासून, ताई?"

"आज... नाही, काल सकाळी त्यांनी मला विचारलं, आपण कोण म्हणून. पण ते आमच्यात गमतीने..."

"बाबूजी गंमत करून राहिले की खरंच विचारून राहिले, हे तुम्हाला कसं कळलं?"

वहीतला शनिवारचा शेरा समोर होता: पाचव्या मजल्यावर ढग.

"काल नं? मग आता उद्या नका म्हणू. कपडे भरत बसू नका. निघा."

साडेसातला अँब्युलन्स. पुन्हा खुर्ची, पुन्हा दोन मजले. वॉचमन सावकाश उतरवत होता. नाना काही म्हणाले नाहीत.

सोमवार, १७

आयसीयूबाहेरचा बाक. रक्तात परत जंतू. रक्तदाब टिकवायला नळीतून औषध. डॉक्टर: "वेळेत आणलंत असं म्हणणार नाही. आणखी उशीर केला नाहीत, एवढंच."

शनिवारी आणलं असतं तर, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दोघेही सभ्य.

मंदाताई डबा घेऊन आल्या. आमटीत मीठ चांगलं दुप्पट. रडत नव्हत्या, पण डोळ्यांतलं पाणी कुठे गेलंय ते चवीला कळत होतं. "माज्याकडनं झालं का ताई, त्या आमटीनं?" त्यांना सांगितलं, त्या आमटीमुळेच इथपर्यंत आलो. पटलं नाही त्यांना.

सि. मेश्राम चहाच्या वेळी समोर आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ऐकावं लागलं, पण एवढंच:

"पेपरात आमचा कागद आला म्हणे."

"हो. म्हणजे मी..."

"वाचला मी. चांगलं लिहिता. चौथं पान नव्हतं त्यात."

मंगळवार, १८

फरक नाही. बिघाडही नाही. रक्तदाबाचं औषध तेवढंच.

संपादकांचा फोन, वाचकांना आजोबा फार आवडले, दुसरा भाग हवा. मी म्हटलं, परीक्षा चालू आहे. ते हसले. मी हसवायला म्हटलं नव्हतं. आता माझंही कुणाला कळत नाही, विनोद कुठला आणि

दुपारी सि.कडे स्वतःहून गेले. कोरं चौथं पान मागितलं. त्यांनी दिलं नाही. "आधी सांगा, मग देते." सांगितलं. अंग गार, जेवण, लघवी, बोलणं, ओळख. एक राहिलं.

"नेहमीपेक्षा गप्प," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात तर तेच पहिलं."

मग पान दिलं.

बुधवार, १९

सकाळी औषध थोडं कमी केलं. थोडं. डॉक्टर खांदे उडवत नाहीत, पण मानही हलवत नाहीत. संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडलं. हे तिथेच लिहितेय, पाकिटाच्या मागे.

नानांच्या तोंडावर मास्क. डोळे उघडे. मला बघितलं. मग मास्कच्या आतून, अगदी अदबीने:

"आपण कोण?"

तोच सूर. नापास झाले तेव्हाचा, शनिवारचा, तोच. चष्मा काढून ठेवलेला आहे, त्यामुळे पुसतील की नाही तेही बघता येत नाही. उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं.

"मी वृंदा. तुमची मुलगी. आज बुधवार. आपण दवाखान्यात आहोत."

मास्कवर वाफ आली, गेली. मग: "हो. कळलं."

"तसं नाही, नाना. काय कळलं ते सांगा."

नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. पाच पंचवीस. नोंदीला पाच मिनिटं आहेत म्हणून थांबलेत, की

सि. मेश्राम दारात आल्या. माझी दहा मिनिटं संपलीत. त्यांनी बाहेर बोलावलं नाही. त्याही घड्याळाकडेच बघतायत.