बाबांचं पुस्तक, चौदा टक्के

२ मार्च
बाबांनी त्यांच्या आठवणींची फाइल पाठवली. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं एका बोटाने टाइप करत होते. एकशे ऐंशी पानं. छापायला देण्याआधी तू वाच म्हणाले, घरात ग्रंथपाल तूच. रोज वीस पानं, म्हणजे नऊ दिवस. मनावर घेतलं तर पाच.

३ मार्च
वाचनासाठी टॅब्लेट घेतला. अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, पानाचा रंग, सगळं लावून घेतलं. फिकट पिवळा ठेवलाय. सुरुवात नीट झाली की पुढचं आपोआप होतं. आजचं वाचन: मुखपृष्ठ.

६ मार्च, दुपारी ४
कॉलेजात 'मोबाइल आणि हरवलेला वाचक' यावर बोललो. मुलं शेवटपर्यंत माना खाली घालून ऐकत होती. बाबांचं ४ टक्के. किती झालं ते टक्क्यांत कळतं, कागदी पुस्तकात ही सोय कुठली.

११ मार्च
बाबांचा फोन, कुठवर आलं? रंगत आलीय म्हटलं. १४ टक्के. त्यातले दहा बहुधा बोट लागून झाले.
बायको म्हणते, एका पानात तू तीनदा बातम्या बघतोस. संदर्भ तपासणं म्हणजे काय ते तिला कोण सांगणार.

१५ मार्च
सगळी नोटिफिकेशन्स बंद केली. मग ती खरंच बंद आहेत ना, हे अधूनमधून बघावं लागलं. १४ टक्के.

१९ मार्च
पडद्यावर तुझं वाचन होतंय ना, असं बाबांनी पुन्हा विचारलं. कमाल आहे. आईच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस रोज संध्याकाळी मीच तिला फोनवरून कादंबरी वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकायची. तेव्हा कुठे काय अडलं?

२४ मार्च, सकाळी १०
बाबा विचारत होते, सातवं प्रकरण ठेवू की काढू? तू म्हणशील तसं, आज प्रेसला द्यायचंय. आवाज जरा बारीक वाटला. म्हटलं, काढायचं काय त्यात, तेच तर सगळ्यात छान उतरलंय. मग म्हणाले, तुझं मन मोठं आहे रे. मनात म्हटलं, लिहिणाऱ्याला असा धीर द्यावा लागतो.

१८ एप्रिल, दुपारी ३
पुस्तक छापून आलं. सगळ्या नातेवाइकांकडे पोचलंय. आत्याचा फोन आला, मन मोठं आहे तुझं म्हणाली. मग मामाचा. तोही तेच म्हणाला. म्हणून सातवं प्रकरण उघडलं. चार पानं आहेत.
बाबांनी लिहिलंय: 'मुलगा रोज यायचा, वाचून दाखवायचा. मध्येच थांबून फोनमध्ये दुसरं काही बघायचा. पाचही दिवस त्याने तेच पान वाचलं. त्याच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या दिवशी ही मला म्हणाली, पुढे काय झालं ते राहिलंच. त्याला बोलू नका, आवाज कानावर पडतोय तेवढं पुरे.'
चारही पानं सलग वाचली. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.
ती कादंबरी अजून फोनमध्ये आहे. उघडली. तेच पान आलं. ३ टक्के.