उजव्या बाजूचा शेंदूर

नागपूर,
१२ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आशीर्वाद.

तू दसऱ्याच्या सकाळी एस.टी.त बसलीस आणि इकडे तुझ्या दादांनी फियाटची पुढची दोन्ही चाकं काढून अंगणात मांडली. ब्रेक शू बदलायचे म्हणे. चाकाच्या आत घासून गाडी थांबवणाऱ्या त्या अर्धगोल पट्ट्या, खंडेनवमीला पूजेत मांडल्या होत्या त्याच. लकडगंजचा मिस्त्री वीस वर्षं आपली गाडी बघतो. त्याला आता काही येत नाही, असा शोध लागला आहे. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसानं ब्रेक उघडावेत? मी टेलिफोन एक्सचेंजात तीस वर्षं काढली. एक तार चुकीची जोडली तर काय होतं, ते मला कळतं. भीती वाटते म्हटलं, तर म्हणाले की कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला देवाचीच भीती शिकवली होती, ब्रेकची नाही.

कॉलनीत हळूहळू दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यावर सोमवारी तुझ्याकडे यायला निघाले आहेत. काहीही निमित्त काढ, पण येऊ नका असं कळव.

माया आहेच, ती राहू दे.

तुझी वहिनी
अरुंधती


नरखेड,
१४ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस,
सिंधूचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून आमच्या घरचे हसतच राहिले. म्हणाले, मास्तरले एवढे श्लोक पाठ आहेत, चार नटबोल्ट पाठ होत नाहीत काय? वहिनी, काहून भेता? बागेत संत्री तोडणं सुरू आहे आणि सख्ख्या भावाले नको येऊ म्हणू?

एक गोष्ट सांगते, दादांजवळ बोलू नका. खंडेनवमीला तुम्ही चहा करत होता, तेव्हा मी त्या पट्ट्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावला. खालच्या पेपरावर दादांनी निळ्या पेन्सिलीनं उजवे, डावे लिहून ठेवलं होतं. उजवी बाजू शुभाची, म्हणून उजव्यांनाच लावला, चांगला बोटानं जिरवून. दादा रागावतील म्हणून मग पदरानं लाली पुसून टाकली. आमच्या विहिरीवरच्या पंपाले दर वर्षी लावते, एकदाही जळला नाही. तवा भेव सोडा.

मोठ्यांची सावली अशीच असू द्यावी.

तुमची
सिंधू


नागपूर,
१६ ऑक्टोबर, दुपारी दोन

सिंधू,

आज मायना सुचत नाही. हे सकाळी सातला निघाले आणि तुझं पत्र अकराला आलं. यांचं ते इंग्रजी पुस्तक उघडून पाहिलं. पट्ट्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये, लागला तर ब्रेक धरत नाही, असं ठळक अक्षरांत छापलं आहे.

एक्सचेंजात धावत गेले. काटोलच्या पुढची लाईन सकाळपासून बंद आहे. तिथल्या पोरीनं मला सांगितलं की बाई, जरा थांबा. तीस वर्षं मीच लोकांना हे ऐकवत होते. तार केली आहे, पण लाईन सुरू होईपर्यंत तीही पडून राहील. हे पत्र नरखेडच्या कंडक्टरजवळ देते, त्याच्याच हाती उत्तर पाठव.

सकाळी मी रागानं यांच्याशी बोलले नाही. डबा टेबलावर आपटला. फाटकाशी थांबून ते हॉर्न वाजवत होते, मी खिडकीत गेले नाही. आता फाटक वाजलं की मी खिडकीकडे धावते.

अरुंधती


नरखेड,
१७ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस,

दादा जिवंत आहेत, हे आधी.

काटोलच्या पुढे बैलगाडी आडवी आली. दादांनी ब्रेक दाबला तशी गाडी एकदम डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून नालीत उतरली आणि बाभळीले अडली. समोरून कापसाच्या गाठींचा ट्रक येत होता, तो बाजूनं निघून गेला. कपाळाला चार टाके आहेत. कोणाच्या तरी जीपनं संध्याकाळी घरी पोचले, तवापर्यंत तुमचं पत्र येऊन पडलं होतं.

दादा बाजेवर पडून आहेत. म्हणतात, माझ्याच हातून काही चुकलं, वय झालं. मले ऐकवत नाही. पायावर डोकं ठेवून सांगून टाकते. फक्त तुमच्या उत्तराची वाट पाहून राहिली.

पायाशी जागा ठेवा.

सिंधू


नागपूर,
१८ ऑक्टोबर

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आशीर्वाद.

उद्याच्या पहिल्या गाडीनं येते. हे पत्र आजच कंडक्टरजवळ देते, माझ्या आधी पोचायला हवं.

काल उत्तर आल्यावर मी कागदावर गाडी काढून पाहिली. उजवा ब्रेक तेलानं घसरला, डाव्यानं धरलं, म्हणून गाडी डावीकडे गेली. डाव्यांना शेंदूर लावला असतास तर ती उजवीकडे, त्या ट्रकखाली गेली असती. तुला रागावावं की तुझा उजवा हात कपाळाला लावावा, हे कळत नाही. बहुधा दोन्ही करीन.

पण एक अक्षर बोलू नकोस. आपण चुकलो असं त्यांना वाटतं, तर वाटू दे. ते पाप मी माझ्या नावावर घेते. तू रडत पायांशी गेलीस की ते टाक्यांसकट उठून बसतील, आपलं काम बिनचूक होतं असं तुझ्या यजमानांना, महादेवरावांना, पुन्हा पुन्हा ऐकवतील, आणि दिवाळीच्या आत मागची दोन्ही चाकं माझ्या अंगणात असतील.

लोभ होता तसाच आहे.

तुझी वहिनी
अरुंधती