अखंड जीव

६ फेब्रुवारी

चि. भिंगवाल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायला जावं तर तू एकीकडे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत असतोस आणि मला नुसतं 'हं, हं' ऐकवतोस. म्हणून हे पत्र. पत्राला 'हं' म्हणून सुटका नाही.

तुझ्या लेकीने सुट्टी संपवून परत जाताना आपल्या दोघांच्या फोनमध्ये तो 'मणीमेळ' खेळ घालून दिला. तिने स्वतः तो केव्हाच सोडला, मी मात्र पुरती अडकले. एका रंगाचे तीन मणी शेजारी आणायचे की पायरी सुटते. जन्मभर कोटाच्या रंगाला दोरा जुळवून रफू केलं, तेव्हा हे तर आपलंच काम, असं वाटलं होतं. पण हल्ली पायरी काही सुटत नाही. पाच जीव मिळतात, ते दुपारच्या आत संपतात. मग खेळ म्हणतो, थांबा, नाहीतर नातेवाइकांकडे मागा, नाहीतर पैसे भरून 'अखंड जीव' घ्या. फुकटच्या खेळाला पैसे भरावेत का रे? तुला व्यवहार कळतो म्हणून विचारते.

तू पाठवलेला चष्मा झकास आहे, दोरा पहिल्या फटक्यात ओवला जातो. बाकी माझा धांदरटपणा चालूच. काल कोपराने चहाचा कप उडवला, परवा कपाटाचं उघडं दार कपाळात बसलं. बाबांचा वारसा, दुसरं काय! बायकोला आशीर्वाद सांग.

लोभ आहेच, मणी जुळवण्यात तो कमी होऊ देणार नाही.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक दमडीही भरू नकोस! या खेळांची रीत मला चांगली ठाऊक आहे. सुरुवातीच्या पायऱ्या मुद्दाम सोप्या ठेवायच्या, म्हणजे माणसाला आपण फार हुशार असं वाटतं. मग अवघड करायच्या. आधी पाठ थोपटायची आणि मग खिसा चाचपायचा. सगळं जग मान मोडून मणी जुळवतंय आणि माड्या चढताहेत त्या कंपनीवाल्यांच्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! जीव संपले की सुई हातात घे, त्यातून चार पैसे तरी येतात.

माझ्याकडे जीव मागायला मात्र लाजू नकोस. पहिल्या दिवशी घाबरलो होतो, ते कबूल. एका बाईंचे डोळे तपासत होतो, फोन समोरच होता आणि त्यावर अक्षरं उमटली, 'ताईला जीव द्या.' बाई खुर्चीतून उठायलाच निघाल्या. त्यांना समजावता समजावता माझाच जीव जायची वेळ आली. आता सवय झाली आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करतो न करतो तोच तुझं मागणं येतं आणि कळतं, ताई उठली, चहा झाला. तुझी भावजय म्हणते, बहिणीला इतक्या नियमाने तुम्ही जन्मात काही पाठवलं नव्हतं.

कपाळाचं वाचून बाबा आठवले. शेवटी शेवटी ते प्रत्येक चौकटीला धडकायचे आणि आई म्हणायची, हे दाराला विचारल्याशिवाय निघतात म्हणून दार असं करतं. आपलं घराणंच वेंधळं. जरा लक्ष ठेवून चालत जा.

लोभ असावा, आणि पाचही जीव निदान दुपारपर्यंत टिकावेत, ही विनंती.

तुझा,
भिंगवाला


९ एप्रिल

चि. भिंगवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

हल्ली मी दिवसातून कितीदा तरी जीव मागते, राग मानू नकोस. हा खेळ माझ्याशी लबाडी करतो. मधले मणी मी बरोबर जुळवते. हरले की मग तो दाखवतो, कडेला अमुक तीन मणी होते की! पैज लावून सांगते, ते आधी तिथे नसतात. कोणीतरी मागाहून आणून ठेवतं.

खेळाचं एक सोड, पण परवा एका वकिलांचा कोट परत आला. पाठीवरचं भोक मी असं बुजवलं होतं की शोधून सापडू नये. पण जवळच, शिवणीच्या कडेला दुसरं होतं, ते तसंच राहिलं. वकिलांनी कोट टेबलावर पसरला आणि नुसतं बोट ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. माझ्याकडे असा कोट कधी परत आला नव्हता.

नंबर बदलला असेल का? तू पाठवलेला अक्षरांचा तक्ता भिंतीला लावून पाहिला. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. म्हणजे डोळे चांगलेच असणार ना? तू सांगशील ते खरं.

जमलं तर एकदा येऊन जा. काम काही नाही, सहज.

पत्राची वाट पाहते.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शेजारचा गाळा घेतला आहे, दुकान मोठं करतो आहे. दिवसभर सुतारांची ठोकाठोक, त्यात गिऱ्हाइकं, त्यात काचांचं सामान चुकीचं आलेलं. डोक्याचा भुगा झाला आहे.

शेवटची ओळ वाचतेस म्हणजे डोळे ठणठणीत, काळजीचं कारणच नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिसऱ्या ओळीला गुडघे टेकतात. तुझं लक्ष उडतं, एवढंच. कोट हातात असताना मणी डोक्यात ठेवू नकोस.

आता खरी बातमी. मी माझाच शब्द मोडला! परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांचं माप घेत होतो आणि फोन सारखा कुरकुरत होता, ताईला जीव द्या, ताईला जीव द्या. शेवटी सुतारानेही विचारलं, बहीण आजारी आहे का? तेव्हाच्या तेव्हा पैसे भरले आणि तुझ्या नावाने 'अखंड जीव' घेऊन टाकले. कायमचे! आता कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. हव्या तेवढ्या वेळा हर, कोण विचारतंय?

यायचं मनात आहेच. दुकान एकदा मार्गी लागू दे.

लोभ आहेच, आता तोही अखंड समजावा.

तुझा,
भिंगवाला


२१ मे

चि. भिंगवाल्यास,
आशीर्वाद.

भेट पोचली. फोनवर सोनेरी अक्षरात तुझं नाव आलं आणि बराच वेळ वाद्यं वाजली. एवढा खर्च कशाला केलास? परत करता येते का, म्हणून शेजारच्या बाईंकडून विचारून घेतलं. नाही येत म्हणे.

आता कितीही हरले तरी काही अडत नाही. पूर्वी जीव गेला की चुटपुट लागायची, आता काही वाटत नाही. सकाळी सवयीने बोट मागायच्या जागी जातं, तिथे आता काहीच नाही. तू आपलं दुकान बघ. मी मजेत आहे.

दुकानाला यश येवो.

ताई


२८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याजवळून परत आल्यापासून रोज पत्र लिहायला बसतो आणि उठतो. रुग्णालयात तुझ्या उशाशी बसलो होतो तेव्हा काहीबाही बोलत राहिलो. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

सायकल कुठून आली ते दिसलंच नाही, असं तू पुन्हा पुन्हा सांगत होतीस. रस्ता सरळ, सायकलवाला घंटी वाजवत डावीकडून येणारा. तुझ्या मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी तुझ्या कानाशी हात हलवला, आणि तू समोरच बघत राहिलीस. मी तिथेच उभा होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणायच्या आधीच मला कळलं होतं.

डोळ्यातला दाब वाढत जातो, दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून तुला दोरा ओवता येत होता, म्हणून तक्त्याची शेवटची ओळ वाचता येत होती. गेलेली नजर परत येत नाही. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का, ताई? माझ्या दुकानात शिरताच समोर पाटी आहे, मीच रंगवून घेतलेली: चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांनी आधी काही तक्रार केली नव्हती का? हिवाळ्यात आल्या असत्या तरी बरीच नजर राखता आली असती.

तक्रार! कप पडला, दार लागलं, कडेचे मणी कोणीतरी मागाहून ठेवतं. तू मला रोज सांगत होतीस. हरलेल्या एकेका जिवाबरोबर सांगत होतीस, आणि मी पैसे भरून तुझं मागणं बंद केलं. वर ती आंधळ्याची म्हण लिहिली. एवढं एक वाक्य माझ्या त्या पत्रातून खोडून टाक, असं तुला सांगायचं तोंडही मला नाही.

बाबांचंही हेच असणार. आपण हसत राहिलो. हे घराण्यात येतं, म्हणून मीही डोळे दाखवले. दाब वाढलेला निघाला. अगदी सुरुवात आहे, थेंब चालू केले, नजर शाबूत राहील म्हणाले. तुझी गेली म्हणून माझी वाचली. याचं काय करू, ते कळत नाही.

इकडे राहायला ये. तुझी भावजयही सांगते आहे. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करून घेतो.

लोभ असावा असं कोणत्या तोंडाने लिहू?

तुझा,
भाऊ


१५ नोव्हेंबर

चि. भिंगवाल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. अक्षर मोठं आणि तिरपं आलं आहे, सांभाळून घे.

मी रागावले नाही, असं लिहिणार नाही. रागावले आहे. पण डोळ्यांसाठी नाही. ते मलाही कळलं नव्हतं, आणि डोळे माझेच होते. सहज येऊन जा, असं लिहिलं होतं आणि तू आला नाहीस, तो राग आहे. मी कधी काही मागत नाही, हे तुला ठाऊक होतं. आता राग सांगून टाकला, तेव्हा तूही ते सगळं मनातून काढून टाक. म्हणीचं काय घेऊन बसलास, म्हण खरी करायला मला अजून वेळ आहे. थेंब वेळच्या वेळी घालते. तूही घाल. चुकवलेस तर माझ्याशी गाठ आहे.

तिकडे राहायला येत नाही. हे घर माझ्या हाताला पाठ आहे, तुझ्या घरातल्या चौकटी मला ओळखत नाहीत. कोट घेणं बंद केलं. वकिलांचा शेवटचा आला होता, तो हात फिरवून परत पाठवला. ते जड गेलं, खोटं कशाला बोलू? दिवसभर टेबलाशी नुसती बसून होते. मोजे तेवढे घेते. मोज्याचं भोक नजरेत मावतं.

एक गंमत सांगायची आहे. शेजारच्या बाईंकडून तो खेळ नव्या नावाने घालून घेतला, अगदी पहिल्या पायरीपासून. तुझे अखंड जीव जुन्या नावावर पडून आहेत, असू देत. पहिल्या पायऱ्यांत मण्यांची पाटी लहान असते, नजरेच्या मधल्या मध्येच मावते, सगळे मणी दिसतात. पुढच्या पायऱ्या मला झेपायच्या नाहीत, तेव्हा इथेच हरत राहणार. फुकटच्या खेळाला पैसे भरावेत का, असं मी विचारलं होतं. तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. पुन्हा शब्द मोडू नकोस.

सोमवारी सकाळी शटर वर केलंस की फोन बघ. 'वेंधळी' या नावाने मागणं येईल, ती मीच. रोज येईल. एखाद्या सकाळी आलं नाही, तर फोन करत बसू नकोस, निघून ये.

कळावे. लोभ आहेच. जीव पाठवावा.

तुझी,
ताई