गुण आलेली पोर

अण्णा, मी रागात आहे, म्हणून खुशाली विचारत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्या डोक्यावर तुमच्यापेक्षा जास्त पांढरे केस आहेत. तरी परवा गावी आले, एस.टी.तून उतरले, गंधकाचा तो वास नाकात शिरला आणि राग कालचाच असल्यासारखा वर आला. घाटाच्या पायथ्याचं जंगल विरळ झालंय. बायकांच्या कुंडावर पत्र्याचं छप्पर आलंय, काठाला फरशी बसवलीय. तुमच्या चहाच्या हॉटेलाच्या जागी कुणाचंसं मोबाईलचं दुकान आहे. पाणी मात्र तसंच आहे, वाफाळतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष म्हणा. त्याने काही बोलून दाखवलं नव्हतं. बोलणारे तुम्ही होतात.

शहाऐंशी सालच्या थंडीत माझा घसा धरला, मग ताप आला, आणि ताप उतरतोय म्हणेतो दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजले. गोधडी अंगाला लागली तरी मी ओरडायचे. तुम्ही मला पाठुंगळी घेऊन पहाटे कुंडावर न्यायचात, आधी स्वतः उतरून पाणी बघायचात आणि मग मला हळूच कमरेपर्यंत बुडवायचात. ते तुमचे हात मला आठवतात. ते आठवले नसते तर रागावणं सोपं गेलं असतं. आईने हट्ट धरला म्हणून तुम्ही मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही नेलंत. तिथल्या डॉक्टरांनी माझी छाती पुन्हा पुन्हा तपासली, एक सुई टोचली आणि तुम्हाला समोर बसवून सांगितलं, "गुडघे आपोआप बरे होतील. सुई गुडघ्यांसाठी नाही, काळजासाठी आहे. दर तीन आठवड्यांनी आणायचं, मोठी होईपर्यंत. चुकवायचं नाही." तुम्ही मान हलवलीत. मी तिथेच होते अण्णा, मी बघितली ती मान.

आणि गुडघे खरंच बरे झाले. मग काय, तुम्हाला आभाळ ठेंगणं झालं. संधिवाताने आखडलेली, खरजेने बेजार झालेली माणसं मुंबईहून, घाटावरून यायची, आपल्या दोन खोल्यांत उतरायची, चहा पिता पिता विचारायची की बाबा, खरंच गुण येतो का? तेव्हा तुम्ही मला हाक मारायचात. "ये गो बाय, पाहुण्यांना जरा धावून दाखव." मी दप्तर टाकून कुंडाच्या पायरीपासून फणसापर्यंत धावत जायचे आणि परत यायचे. तुम्ही फणसाखाली उभे राहून सांगायचात, ही पोर उचलून आणली होती, आता बघा. म्हातारे डोळे पुसायचे. एक बाई माझ्या गुडघ्यांना हात लावून पाया पडली होती. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. शाळेत कुणी मला विचारत नसे, पण कुंडावर मी म्हणजे देवाचं देणं होते. परत येताना दम लागायचा, पण धावल्यावर कुणालाही लागतोच, असं मला वाटायचं.

सुईचे दिवस आई लक्षात ठेवायची. सुरुवातीला तुम्ही नेलंतही. मग एका सकाळी तुम्ही सदरा चढवून, मला घेऊन हॉटेलाच्या दारात एस.टी.ची वाट बघत होतात. बाकावर कोल्हापूरकडचा एक पाहुणा बशीत चहा ओतत होता. त्याने विचारलं, कुठे? आईने आतून सांगून टाकलं, दवाखान्यात. तो हसला. "एवढा गुण हाय तुमच्या पाण्याला, मग पोरीला दवाखान्यात कशाला निघालासा?" बाकावरचे सगळे हसले. तुम्हीही हसलात. एस.टी. आली, थांबली, धूळ उडवत निघून गेली, आणि तुम्ही माझा हात सोडून गल्ल्यावर जाऊन बसलात. त्यानंतर सुई झालीच नाही. दोन-तीनदा आई जेवण वाढताना म्हणाली, "सुईचा दिस टळतोय हां." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "तू चुलीकडं बघ." ती चुलीकडे बघत राहिली. तिच्यावरही मी रागावले आहे, पण ते पत्र वेगळं.

तुमचा पाण्यावर भाबडा विश्वास होता, असं मला मानता आलं असतं तर मी केव्हाच गप्प बसले असते. पण तुम्ही गेल्यावर आईने मला सांगितलं की माझी सुई बंद झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुम्ही चिपळूणला हर्नियाचं ऑपरेशन करून आलात. घरी बजावून गेलात की कुणी विचारलं तर मुंबईला लग्नाला गेलेत म्हणून सांगा. स्वतःच्या आतड्याला तुम्ही पाणी लावलं नाहीत. पाणी काय करतं नि काय करत नाही हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. चार माणसं बाकावर बसून हसली, एवढ्यासाठी तुम्ही माझं काळीज पणाला लावलंत.

मला दिवस गेले तेव्हा जिना चढवेना. मुंबईच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पहिला प्रश्न विचारला, लहानपणी गुडघे सुजले होते का? मूल राहिलं नाही. त्या लहानपणच्या तापाने काळजाची झडप खराब झाली होती. पुढे छाती उघडून धातूची झडप बसवली आणि पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही असं बजावलं. तुम्ही झडप बसवायच्या आदल्या वर्षी गेलात. सुटलात.

परवा कुंडावर एक बाई तिच्या मुलीला पाण्यात बसवत होती. पोरीचे गुडघे तसेच सुजले होते, नारळाएवढे. बाईने विचारलं, "गुण येतो ना हो ताई?" मी म्हटलं, गुडघ्यांना येतो. मग पोर वर काढायला लावली, जवळ घेतली आणि तिचा कान माझ्या छातीला लावला. झडपेचा आवाज येतो, अण्णा, शांत बसलं की बाहेरही ऐकू येतो. पोर म्हणाली, "आई, हिच्या आत घड्याळ हाय." मी त्या बाईला सगळं सांगितलं, अगदी सुईसुद्धा, आणि दुपारच्या चिपळूण गाडीत दोघींना स्वतः बसवून दिलं. पुन्हा पाहुण्यांपुढे उभी राहिले, त्याच कुंडावर. गाडी वळणाआड गेल्यावर मी फणसाकडे बघितलं, तुम्ही उभे राहायचात तिथे.

हे एवढं काल रात्री आत्याकडे बसून लिहिलं आणि आज सकाळी कुंडात सोडून द्यायला घेऊन गेले. काठावर बसून कागद बाहेर काढला. पण पाण्यात कागदाचा कपटा पडलेला तुम्हाला खपत नसे, त्यावरून तुम्ही पाहुण्यांनासुद्धा झापायचात. कागद घडी करून पर्समध्ये परत ठेवला. अजूनही मी तुमचं ऐकते.