सल्लागाराची बोटं

अक्कलकोट

सौ. मायाक्कास,

हितं सगळं ठीक हाय. माझा आवाज चढला की तू फोन ठेवतीस, म्हणून लिवतोय.

साखर कारखान्यानं मला रिटायर झाल्यावर सल्लागार म्हणून बोलावलं, आन् नुसतं एसीत बसवलंय! सल्ला कुणीच इचारत न्हाय. काल नवा इंजिनिअर म्हणतो, "काका, पाकात बोटं घालू नका, मीटर आहे ना." तीस वरसं ह्याच बोटांनी पाकाची तार बघून साखर काढली की मी! त्याच्यासमोरच गरम पाक चिमटीत धरला.

शेळी व्याली का? लेकीला यातलं काय सांगू नको.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हातानं लिवतोय. उजव्याला फोड आलेत. दोन वरसं घरी बसून बोटं मऊ पडली. आता ह्यो राग कुणावर काढू, सांग.

तुझा,
धुळाप्पा